इस्त्रीइतक्या विजेवर तीन हजार किलोमीटर

डार्विनच्या तपासणी-शेडमध्ये एक गाडी उघडून ठेवली होती. चौघा विद्यार्थ्यांनी तिचं वरचं कवच अलगद उचललं, दोन स्टँडवर टेकवलं आणि आतला भाग तपासनिसांसमोर मोकळा केला. मी वाकून पाहिलं. आत एक अरुंद आसन, स्टिअरिंग, सस्पेन्शनचे बारीक दांडे, नीट बांधलेले वायरींचे जुडगे आणि आसनामागे बॅटरीची पेटी. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, रेडिएटर नाही, एसी नाही. मोटर शोधावी लागली. ती चाकाच्या आतच बसवलेली होती. बाजूला ठेवलेल्या कवचावर मात्र बोटभर जागा मोकळी नव्हती. एकाला एक चिकटून बसवलेले काळेभोर सौर सेल, वरून चकचकीत थर, आणि मधूनमधून मऊ फडक्याने ते पुसणारी एक मुलगी.

पुढच्या अंकाचा विषय 'वेग' आहे, असं संपादकांनी वर्षभर आधी कळवलं होतं. वेग म्हटलं की मोठं इंजिन, ढणढणतं इंधन आणि कानठळ्या बसवणारा आवाज आठवतो. यातलं काहीही नसताना वेग कसा मिळतो हे पाहायला मी ऑक्टोबर 2023 मध्ये ऑस्ट्रेलियात आलो होतो. 'वर्ल्ड सोलर चॅलेंज' ही इथली स्पर्धा साधारण दर दोन वर्षांनी भरते. खंडाच्या उत्तर टोकाच्या डार्विनपासून दक्षिण किनाऱ्यावरच्या ॲडलेडपर्यंत, मुख्यतः स्टुअर्ट हायवेने, तीन हजार किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. गाड्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या. सुटताना बॅटरी भरलेली असते. त्यानंतर वाटेत मिळेल ते ऊन, एवढंच इंधन.

2023 च्या नियमांनुसार मुख्य गटातल्या गाडीला चार चौरस मीटर सिलिकॉन सेल लावता येत होते. भर दुपारी, स्वच्छ आकाशात, उत्तम सेल असतील तर त्यातून साधारण एक किलोवॅट वीज मिळते. घरातली साधी इस्त्री तेवढीच वीज घेते. तेवढ्यावर माणूस बसलेली गाडी ताशी 85-90 किलोमीटरने दिवसभर धावते. संपूर्ण प्रवासाच्या ऊर्जेचा मी ढोबळ हिशेब मांडला, तेव्हा तो पेट्रोलमध्ये तीन-चार लिटर भरला. तीन हजार किलोमीटरला तीन-चार लिटर!

हे कसं जमतं, याचं उत्तर त्या रिकाम्या दिसणाऱ्या गाडीत होतं. या स्पर्धेतला वेग काटकसरीतून येतो.

हवेशी हिशेब

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला ऊर्जा लागते ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी: हवा बाजूला सारण्यासाठी आणि टायरचं घर्षण सोसण्यासाठी. यातला मोठा वाटा हवेचा, आणि हवेचा नियम कडक आहे. हवेशी झुंजायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी 80 वरून 100 वर जायचं, म्हणजे वेग सव्वापट करायचा, तर ही शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. आपल्याकडची छोटी हॅचबॅक ताशी 85 ने जाताना हवा आणि टायर मिळून सहा-सात किलोवॅट सहज खर्च करते. सौरगाडीला तेच काम एका किलोवॅटच्या आत उरकायचं असतं.

म्हणून तिचा आकार तसा चमत्कारिक. पुढून पाहिलं तर ती नजरेत भरतच नाही, इतकी अरुंद आणि बुटकी. 2023 मध्ये पुढच्या फळीतल्या अनेक गाड्या तीन चाकांच्या होत्या; एक चाक कमी म्हणजे हवेला अडणारी एक वस्तू कमी. चाकंही उघडी नसतात, त्यांच्यावर झाकणं असतात. अंग कार्बन फायबरचं. चालक सोडला तर बऱ्याच गाड्या दोनशे किलोच्या आत भरतात.

ही काटकसर किती बारीक असते ते मला सकाळच्या तयारीत दिसलं. कवच खालच्या अंगावर बसवल्यावर दोन्हींमधल्या फटीवर पातळ चिकटपट्टी लावतात. पट्टी लावून झाल्यावर एका विद्यार्थिनीने डोळे मिटले आणि तर्जनी त्या सांध्यावरून पुढून मागे सावकाश फिरवत नेली. एका जागी बोट थांबलं. तिने तेवढा तुकडा सोलून काढला, जागा पुसली, नवी पट्टी लावली आणि पुन्हा बोट फिरवलं. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तोवर हवा त्याला लगटून शांतपणे वाहते. एखादा उंचवटा आला की तिथून पुढे ती विस्कटते आणि गाडीला मागे ओढू लागते. बोटाला जाणवतो तो उंचवटा हवेलाही जाणवतो, असं तिने मला समजावलं.

मोटर चाकात बसवण्याचं कारणही काटकसरीचंच. गिअर, साखळी, पट्टा यांपैकी काही मध्ये आलं की प्रत्येक जण आपला वाटा कापून घेतो. मोटरने थेट चाक फिरवलं तर तो खर्च वाचतो. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाबरोबर नव्वदच्या दशकात सौरगाड्यांसाठी अशी मोटर तयार केली. आज चांगल्या संघांच्या मोटरी मिळालेल्या विजेपैकी 97 टक्क्यांच्या आसपास चाकापर्यंत पोचवतात. पेट्रोल इंजिनात इंधनातली बहुतांश ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, हे आठवलं की या आकड्याचं मोल कळतं.

चार चौरस मीटरचं ऊन

सेल नुसते ओळीने चिकटवले की काम झालं, असं नसतं. ते एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर सावली पडली तर त्या ओळीतल्या सगळ्यांची वीज अडते. चालकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक घुमटाची सावली सकाळी एका बाजूला पडते, संध्याकाळी दुसऱ्या. म्हणून सेलच्या ओळी गटागटाने वेगळ्या ठेवतात आणि प्रत्येक गटाला एक इलेक्ट्रॉनिक राखणदार देतात. ऊन, ढग, तापमान यांप्रमाणे सेलमधून जास्तीत जास्त वीज कोणत्या व्होल्टेजला निघेल, ते तो सतत चाचपत राहतो. त्याचं नाव एमपीपीटी. मराठवाड्यातल्या शेतात सौर कृषिपंप चालतो, त्याच्या कंट्रोलरमध्येही हेच तत्त्व काम करत असतं. तिथे त्यावर पाणी चढतं, इथे गाडी पळते.

ऊन हवं, पण उष्णता नको, हा सिलिकॉनचा स्वभाव. सेलचं तापमान एक अंशाने वाढलं की त्याची वीज साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटते. सेलची क्षमता 25 अंशांना मोजलेली असते आणि मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत दुपारी तो पंचावन्नपर्यंत सहज तापतो. म्हणजे दहा टक्के वीज तिथेच गेली. धावत्या गाडीला वाऱ्याचा थोडा गारवा मिळतो. उभी गाडी तापत राहते.

दिवसाची शर्यत सकाळी आठला सुरू होते आणि संध्याकाळी पाचला संपते. पाच वाजता जिथे असाल तिथेच, रस्त्याच्या कडेला मुक्काम. गाडी थांबते न थांबते तोच मुलं धावत येतात, पट्ट्या सोलतात, कवच सोडवतात आणि मावळतीकडे तोंड करून उभं धरतात. सूर्य खाली सरकतो तसा त्याचा कोन बदलत नेतात. कोणी सेल पुसतं, कोणी मीटरवरचा आकडा मोठ्याने सांगतं. जमिनीवर लांबलचक सावल्या पडल्या, वारुळांच्या टोकांवर तेवढं ऊन उरलं, तरी कवच धरणारे हात सुटत नाहीत. शेवटच्या पंधरा मिनिटांत मिळणारी वीज नगण्य वाटते, पण दुसऱ्या दिवशी तेवढ्यावर किलोमीटर-दोन किलोमीटर निघतात. पहाटे हेच पुन्हा, या वेळी उगवतीकडे तोंड करून.

मागच्या गाडीतला हिशेबनीस

सौरगाडी एकटी धावत नाही. तिच्यापुढे एक गाडी असते, मागे एक, आणि बरंच पुढे रस्ता व हवामान पाहणारी आणखी एखादी. शर्यतीचा मेंदू मागच्या गाडीत असतो. सौरगाडीतून रेडिओवर सतत आकडे येत असतात: सेल किती वीज देत आहेत, मोटर किती घेत आहे, बॅटरीत किती उरली, कुठला भाग किती तापला. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला विद्यार्थी त्यावरून चालकाला वेग सांगतो. चालकाने मनाने वेग वाढवायचा नाही.

2023 च्या नियमांनुसार बॅटरी 20 किलोंची होती. तिच्यात साधारण पाच किलोवॅट-तास वीज मावत होती. ती कुठे खर्चायची हा खरा डाव. पहिला धडा असा की वेग शक्यतो एकसारखा ठेवावा. एक तास 70 ने आणि एक तास 100 ने गेलात, तर अंतर 85 ने दोन तास गेल्याइतकंच होतं; हवेसाठीची ऊर्जा मात्र सुमारे नऊ टक्के जास्त लागते. घाई करून वाचवलेली मिनिटं नंतर महागात पडतात. दुसरा धडा ढगांचा. ढगाखाली असताना थोडा वेग वाढवून बाहेर पडावं, उन्हात असताना थोडं सावकाश जावं, म्हणजे उन्हातला मुक्काम वाढतो. पण पुढचा ढग किती मोठा, हे उपग्रहाच्या चित्रावरून आणि पुढे गेलेल्या सोबत्याच्या निरोपावरूनच ठरवायचं. तिसरा धडा असा की ॲडलेडला पोचताना बॅटरी जवळजवळ रिकामी हवी. वीज उरली म्हणजे वाटेत उगाच सावकाश आलात. आधीच संपली तर रस्त्यात उभे.

वाटेत ठरावीक थांब्यांवर प्रत्येकाला अर्धा तास थांबावं लागतं: कॅथरिन, टेनंट क्रीक, ॲलिस स्प्रिंग्ज, कूबर पीडी, पोर्ट ऑगस्टा अशी ही नावं. तिथे चालक बदलतो. एका थांब्यावर घुमट उघडला तेव्हा आतून आलेली गरम हवा मला दोन पावलांवर उभं असताना जाणवली. चालक मुलगी उतरली, पाय आखडले होते म्हणून क्षणभर गाडीला धरून उभी राहिली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावायच्या आधी तिने कुठल्या पट्ट्यात वारा कसा होता ते सांगितलं. एसी लावला तर तो मोटरच्या बरोबरीने वीज खाईल, म्हणून उकाडा माणसाने सोसायचा. हलक्या चालकाचा फायदा मिळू नये म्हणून 80 किलोंना कमी पडेल तेवढं वजन गाडीत ठेवायला लावतात. या नियमामुळे लहानखुऱ्या आणि उंच, सगळ्यांना चालक होता येतं.

वारा

उत्तरेत झाडी, मग लाल माती, मग दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत काहीच नाही. अशा मोकळ्यावर वारा आडवा येतो. भरीला समोरून येणारे रोड ट्रेन, म्हणजे तीन-चार डबे जोडलेले, पन्नास मीटरहून लांब ट्रक. ते शेजारून गेले की आधी हवेचा धक्का बसतो आणि लगेच ओढ. दोनशे किलोंची गाडी त्यात हेलकावते. हलकेपणाची किंमत इथे मोजावी लागते.

2019 ची शर्यत या बाबतीत कोणी विसरणार नाही. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाची गाडी आघाडीवर होती; वाऱ्याच्या झोताने ती रस्त्याबाहेर फेकली गेली. मग नेदरलँड्सच्याच डेल्फ्ट विद्यापीठाचा संघ पुढे आला. शेवटच्या दिवशी, ॲडलेड तीनशे किलोमीटरच्या आत आलेलं असताना, त्यांच्या 'नूना' गाडीने पेट घेतला. दोन्ही प्रसंगांत चालक सुखरूप बाहेर आले. तपासणी-शेडमध्ये चालकाला कोणाच्याही मदतीशिवाय झटपट बाहेर पडून दाखवायला का लावतात, ते यावरून कळतं. ती शर्यत बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जिंकली.

2023 मध्ये तोच लूव्हेनचा संघ, आता 'इनॉप्टस' या नावाने, 'इन्फिनिट' ही गाडी घेऊन आला होता. तिच्या माथ्यावर एक उभा पर होता. आडव्या वाऱ्यात तो गाडीला स्थिर ठेवतो आणि शिडाच्या तत्त्वाने वाऱ्याचा काही जोर पुढच्या दिशेला वळवतो. ज्या वाऱ्याने शर्यती घालवल्या, त्यालाच गाडी ढकलायला लावायचं! ही गाडी सुमारे 34 तासांच्या धावेत, ताशी 88 किलोमीटरच्या सरासरीने पहिली आली. ट्वेंटे दुसरे, डेल्फ्ट तिसरे.

या सरासरीचं महत्त्व मागच्या आकड्यांशेजारी ठेवल्यावर दिसतं. डेनिश वंशाचे साहसी हान्स थोलस्ट्रप यांनी लॅरी पर्किन्स या शर्यतपटूला सोबत घेऊन 1982-83 मध्ये पर्थ ते सिडनी हा प्रवास घरगुती बांधणीच्या सौरगाडीने 20 दिवसांत केला आणि पुढे ही स्पर्धा सुरू केली. 1987 ची पहिली शर्यत जनरल मोटर्सच्या 'सनरेसर'ने ताशी 67 च्या सरासरीने जिंकली. 2005 मध्ये डेल्फ्टच्या 'नूना 3'ने 102 ओलांडले. तेव्हा सौरपटल 2023 मधल्याच्या दुपटीहून मोठं आणि सेल अंतराळयानांच्या तोडीचे, महागडे होते. वेग धोक्याचा वाटू लागला म्हणून आयोजकांनी पटल आधी सहा चौरस मीटरवर आणलं, 2017 मध्ये चारवर. ऊन निम्मं झालं, सेल साधे झाले, तरी गाड्या पुन्हा 88 वर पोचल्या. मधल्या वर्षांत सूर्य बदलला नाही. विद्यार्थ्यांचा हिशेब सुधारला.

वर्षभराची सुट्टी

ही मुलं गाडी कधी बांधतात? डेल्फ्टमध्ये संघातले विद्यार्थी साधारण वर्षभर अभ्यासक्रम बाजूला ठेवून पूर्ण वेळ हेच काम करतात. विद्यापीठाने अशा संघांसाठी मोठी कार्यशाळा दिली आहे. नव्या गाडीला बहुधा नवा संघ. जुने शिकवतात, वही सोपवतात आणि निघून जातात. 2001 मध्ये डेल्फ्टची पहिली 'नूना' आली, तेव्हा पाठीशी वुबो ऑकल्स होते, नेदरलँड्सचे पहिले अंतराळवीर आणि तिथले प्राध्यापक. त्या गाडीवर हबल दुर्बिणीवरून परत आणलेल्या सौर सेलच्या दोन पट्ट्याही लावल्या होत्या. पहिल्याच प्रयत्नात ती गाडी जिंकली.

वीस-बावीस वर्षांच्या मुलांना या वर्षात प्रायोजक शोधावे लागतात, साचे करून घ्यावे लागतात, बॅटरी परदेशी पाठवण्याची कागदपत्रं करावी लागतात आणि आपल्या मित्राने केलेला भाग नापास करावा लागतो. आपल्या देशातही याला सुरुवात झाली आहे. आयआयटी मद्रासच्या विद्यार्थ्यांच्या 'अग्निरथ' संघाने 'आग्नेया' ही गाडी याच 2023 च्या स्पर्धेसाठी बांधली.

ॲडलेडच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरमध्ये, गाड्या एकेक करून येत असताना, मागून "काका, मराठी का?" असा आवाज आला. मी फोनवर बोलत होतो ते त्याने ऐकलं होतं. सांगलीकडचा मुलगा, ॲडलेडमध्ये एमएस करत होता. इंजिनिअरिंगला असताना त्याने 'बाहा' या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधली होती.

"रोलकेज मी वेल्ड केला होता, काका. पण सेमिस्टर चालू असायची. दिवसा प्रॅक्टिकल, रात्री वर्कशॉप. परीक्षा आली की गाडी तशीच पडून."

"आणि मार्क?" मी विचारलं.

"गाडीचे? कसले मार्क!" असं म्हणून तो पुन्हा समोर आलेल्या गाडीच्या चाकांकडे बघू लागला.

रस्त्यावर काय येणार?

अशी गाडी कोणी बाजारात आणेल का, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर आकड्यांतच आहे. साध्या गाडीच्या छपरावर दोन चौरस मीटरच्या आत पटल मावतं. ती दिवसभर उन्हात उभी राहिली तर दीड-दोन किलोवॅट-तास वीज मिळेल, म्हणजे शहरातले दहा-पंधरा किलोमीटर. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठाच्या संघाने चार प्रवाशांची सौरगाडी बांधून याच स्पर्धेतला कुटुंब-गाड्यांचा गट लागोपाठ जिंकला. त्या संघातल्या काहींनी 'लाइटइयर' ही कंपनी काढली, गाडी उत्पादनापर्यंत नेली, पण 2023 च्या सुरुवातीला उत्पादन करणारी त्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली. पुण्याच्या 'वायवे' कंपनीने 'इवा' ही छोटी शहरी गाडी केली आहे; छतावरच्या सेलमधून वर्षाला तीन हजार किलोमीटरपर्यंत मिळतील, असं कंपनी सांगते. डार्विन ते ॲडलेड हे अंतर तेवढंच. स्पर्धेतली गाडी ते पाच दिवसांत कापते, कारण तिने बाकी सगळ्यावर पाणी सोडलेलं असतं.

म्हणून या स्पर्धेचं फळ मी गाड्यांच्या शोरूममध्ये शोधणार नाही. 'सनरेसर'ची इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या ॲलन कोकोनी यांनी पुढे जनरल मोटर्सच्या 'इम्पॅक्ट' या विजेच्या गाडीसाठी काम केलं, आणि तिच्यातून 'ईव्ही 1' आली. टेस्लाच्या संस्थापकांपैकी जे. बी. स्ट्रॉबेल यांचा स्टॅनफर्डच्या सौरगाडी संघाशी जवळचा संबंध होता. आज विजेच्या गाड्यांची धाव वाढवायची म्हणजे अधिकाधिक जड बॅटरी घालायची, हा सोपा मार्ग सगळीकडे दिसतो. प्रत्येक वॅट कुठे जातो हे ज्याने वर्षभर मोजलं आहे, तो अभियंता दुसरा मार्गही पाहू शकतो: आधी गळती बुजवा, मग भर घाला.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वेल्डिंगला बसणारे हात आहेत, रात्री जागणारी मुलं आहेत, आणि ऊन तर मोजायची सोय नाही इतकं आहे. कमी आहे ती वेळ. गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने एक वर्ष अधिकृतपणे द्यावं, त्या कामाला श्रेयांक द्यावेत आणि गाडी वाटेत बंद पडली तरी ते वर्ष वाया गेलं असं मानू नये. स्पर्धेतल्या बहुतेक संघांच्या वाट्याला पहिला क्रमांक येत नाही. बोट फिरवून उंचवटा शोधण्याची सवय मात्र प्रत्येकाला लागते. ती सवय लागलेले दोनशे अभियंते दर वर्षी महाराष्ट्रातून बाहेर पडले, तर आपल्या पंपांपासून बसगाड्यांपर्यंत वीज वाचवायला दुसरी कुठली योजना आखावी लागणार नाही.